पाठमोरं पहिलं गाणं

बाहुल्यांची गल्ली, चित्रांचं देऊळ, नवं नाट्यगृह, सगळं दाखवतो. ते कुठे पळून जात नाही. आधी हा घाट बघा, ऊन चढलं की पायऱ्या तापतात. फोटो खुशाल काढा, फक्त त्या कट्ट्यावर चपला घालून चढू नका.

पौषात आमच्याकडे तीन दिवस गाण्याचा उत्सव असतो. लांबलांबून गवई येतात. पण गवई कितीही मोठा असो, उजाडतानाचं पहिलं गाणं तो या कट्ट्यावर बसून, लोकांकडे पाठ करून, नदीकडे तोंड करून गातो. पाहुणे कुरकुरतात. मागच्या खेपेला एका साहेबांनी विचारलं, "काका, तिकडे पाण्यात कोण बसलंय ऐकायला?" मी म्हटलं, "बसलेलं नाही. यायचं आहे."

ही गोष्ट जहागिरीच्या काळातली. केशर नावाची एक गाणारी या गावात राहायची. रोज उजाडायच्या आत ती या कट्ट्यावर येई आणि नदीकडे तोंड करून रियाज करी. पलीकडच्या तीरावर बयाजी नावाडी राहायचा. थंडीत या गंगेवर, आम्ही आमच्या नदीला गंगाच म्हणतो, असं धुकं बसतं की स्वतःचं वल्हं दिसत नाही, आणि घाट चुकला तर धारेला खाली ते काळे कातळ आहेत. बयाजी केशरच्या आवाजाच्या रोखाने नाव हाकायचा. वर्षानुवर्षं एकदाही चुकला नाही म्हणे.

दोघांचं काय होतं, ते गावाला ठाऊक होतं आणि गावाने कधी विचारलं नाही. बयाजीची एकच इच्छा होती. हातात वल्हं नसताना, निवांत पायरीवर बसून, केशरचं एक गाणं पुरतं ऐकायचं. रोज गाणं कानावर पडायचं, पण त्याचं सगळं ध्यान पाण्यात.

एका पौषात जहागीरदारांनी उजाडताना घाटावर गाणं ठेवलं. केशरच्या रियाजाच्या रोखाने पलीकडची माणसं आणता आणता बयाजी पार भिजून गेला. शेवटची खेप उतरवून तो केशरला म्हणाला, "आज पुढच्या पायरीवर बसणार हाय मी. असा वला कसा बसू? घरनं कोरडं धोतर अन् मुंडासं घिऊन येतो. तू सुरू कर, तुझा आवाज आला की मी आलोच."

केशर कट्ट्यावर बसली, नेहमीसारखी नदीकडे तोंड करून. तेव्हा कारभारी धावत आले. "सरकारांकडे पाठ? वळून बसा." तिने एकदा धुक्याकडे पाहिलं. वळून बसली तरी आवाज जाईलच, असं तिला वाटलं असावं. ती वळली.

त्या दिवशीसारखं ती कधी गायली नव्हती, असं सांगतात. लोक बेभान झाले. जागेजागेला वाहवा, टाळ्या. सगळा आवाज घाट चढून गावात गेला, नदीकडे काही गेलंच नाही. गाणं संपलं, जहागीरदारांनी अंगावरची शाल काढून पुढे केली, आणि केशरची नजर पुढच्या पायरीवर गेली. पायरी रिकामी होती.

तिने शाल घेतली नाही. भर सभेकडे पाठ केली आणि तेच गाणं पहिल्यापासून धरलं. संपलं की पुन्हा. धुकं विरलं, ऊन वर आलं, नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी दिसू लागली, तरी ती गातच होती. कोणी जागचं हललं नाही. जहागीरदारही नाहीत.

दुपारी कातळांच्या बाजूने नाव वर आली. आत माणूस नव्हता. धारेच्या उलट ती सावकाश आली आणि शेवटच्या पायरीला टेकली. नावेत धोतर आणि लाल मुंडासं होतं, घडी न मोडलेलं, कोरडं ठणठणीत. पूल होईपर्यंत मी स्वतः याच पाण्यात नाव चालवली. रिकामी नाव धारेच्या उलट येत नाही, हे तुमच्यापेक्षा मला जास्त कळतं. तरी एवढी एक नाव आली, असं मी मानतो. पुढे केशर म्हातारी होईपर्यंत रोज इथे गायली, आणि तिला वळून बस म्हणायची पुन्हा कोणाची छाती झाली नाही.

आजही पहिलं गाणं नदीकडेच जातं. पुढची पायरी आम्ही मोकळी ठेवतो. गाणं चालू असताना कोणी वाहवा म्हणत नाही, संपल्यावर टाळी वाजत नाही. हजार माणूस श्वास धरून बसतं. पायरीला नाव टेकल्याचा आवाज येतो का, तेवढं ऐकतो, आणि मग दुसऱ्या गाण्याला गवई आमच्याकडे वळतो.