तीन कड्यांचं कोडं

ज्या काळी बायका तांब्याच्या घागरीत डोकावून कुंकू लावत, त्या काळातली ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावात तांबट आळी होती. उजाडलं की आळीभर ठाक्-ठुक्, ठाक्-ठुक् सुरू व्हायचं. उन्हात ठेवलेले हंडे असे लखलखायचे की चिमण्या त्यांच्यावर बसायला लाजायच्या. आता ती आळी नाही आणि तो आवाजही नाही. पण ज्यांनी तो लहानपणी ऐकला, त्यांना त्याच्यावाचून अजूनही नीट झोप लागत नाही म्हणे.

आळीच्या टोकाच्या घरात बकुळा नावाची आठ वर्षांची मुलगी राहायची. आई-बाप तिला आठवतही नव्हते. तिला होते फक्त आबा, तिचे आजोबा. मठार मारावा तर आबांनीच, असं सगळी आळी म्हणायची. मठार म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोकून उठवलेले ते चमचमते ठिपके. जसं ज्याचं त्याचं अक्षर, तसा ज्याचा त्याचा मठार. आबांचे ठिपके जरासे उजवीकडे कललेले असायचे. डोळे मिटून भांड्यावरून हात फिरवला तरी बकुळा सांगायची, "हे आमच्या आबांचं!"

पण त्या हिवाळ्यात आबा एकेक गोष्ट विसरायला लागले. आधी हातोडी कुठे ठेवली ते विसरले, मग ती कशी धरायची ते विसरले. आणि एके दिवशी बकुळाने त्यांच्यापुढे भाकरी ठेवली, तर हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही कोणाच्या? फार उपकार झाले."

तुम्ही! ज्या आबांनी "बकू, ए बकू, कुठं उंडारतेस गं?" अशा आळीभर हाका मारल्या, ते तिला तुम्ही म्हणाले. बकुळा चुलीमागे जाऊन पोटभर रडली. मग डोळे पुसून बाहेर आली आणि म्हणाली, "मी इथलीच आहे, आबा. आमटी वाढू थोडी?"

हातोडी थांबली, तशी घरातली चूलही कधी पेटे, कधी न पेटे. रोज दुपारी बकुळा आबांना हाताला धरून गावाबाहेरच्या जुन्या बागेत न्यायची. तिथे एक भलंथोरलं सोनचाफ्याचं झाड होतं. ती खाली पडलेली पिवळीधमक फुलं वेचायची, बाजारात विकायची आणि येताना ज्वारी आणायची. आबा झाडाखालच्या पारावर बसून आपल्याच गुडघ्यावर बोटांनी ठाक्-ठुक् करत राहायचे.

एका दुपारी करवंदीच्या जाळीतून इवलासा हुंदका ऐकू आला. बकुळाने वाकून पाहिलं, तर आत बोटभर उंचीची परी! तिचे पंख नुकत्याच उजळलेल्या तांब्यासारखे झळाळत होते, झग्यावर दवाच्या टिकल्या होत्या आणि पायातलं पिटुकलं पैंजण काट्यांत गुरफटलं होतं.

"तोडून टाक गं ते पैंजण," परी कळवळून म्हणाली. "फार कळ येतेय."

"तोडायचं कशाला? कुणीतरी किती जीव लावून घडवलंय," बकुळा म्हणाली. "थांब हं जराशी."

तिने एकेक काटा बाजूला केला. बोटांवर ओरखडेच ओरखडे उठले, पण पैंजणाचं एकही घुंगरू तुटलं नाही. परी भुर्रकन उडाली आणि तिच्या खांद्यावर येऊन बसली.

"आता तू काहीतरी माग," परी म्हणाली. "पण माझ्याकडे इच्छा अशाच मिळत नाहीत हं. त्या सोडवाव्या लागतात."

तिने टाळी वाजवली. सोनचाफ्याची फांदी खाली झुकली आणि तिच्यावर झुलू लागली धातूची कोडी. प्रत्येकाला एक मूठ, मुठीतून निघालेली लांबट सळई आणि सळईवर एकमेकींत अडकलेल्या कड्या. फार पूर्वी चीन देशाहून एक रेशीमवाला फिरत फिरत या गावी यायचा. गाठोडं खांद्यावरून उतरवून तो याच पारावर विसावायचा आणि मुलं जमली की अशी कोडी झोळीतून काढायचा. सगळ्या कड्या सळईवरून मोकळ्या केल्या की कोडं सुटलं. जाताना तो ती परीकडे सोपवून गेला होता.

"तीन नियम आहेत," परी बोटांवर मोजत म्हणाली. "एकच कोडं निवडायचं. जोर लावायचा नाही, सळई वाकवलीस की ते कायमचं मिटलं. आणि ऊन डोंगराआड जायच्या आत सोडवायचं. जेवढ्या कड्या जास्त, तेवढी इच्छा मोठी."

नऊ कड्यांचं कोडं सोन्याचं होतं. नुसतं बघूनच डोळे दिपत होते. त्याच्या शेजारी सात कड्यांचं चांदीचं आणि पाच कड्यांचं पितळी. अगदी टोकाला, पानाआड, तीन कड्यांचं एक तांब्याचं कोडं होतं, काळवंडलेलं.

"नऊ कड्या सोडवल्या तर माझे आबा पूर्ण बरे होतील?" बकुळाने विचारलं.

"होतील की. पण सोनुले, आजवर किती कोडी सोडवलीस?"

"एकसुद्धा नाही."

"नऊ कड्यांना तीनशे एक्केचाळीस वेळा हात चालवावा लागतो. एकही चूक न करता."

"आणि त्या तीन कड्यांना काय मिळतं?"

"एवढीशीच इच्छा. एका हाकेएवढी."

बकुळाने डोंगराकडे पाहिलं. दिवस कासराभरच उरला होता. तरी तिचा हात सोन्याकडेच गेला. का नाही जाणार? तिला तिचे आबा हवे होते, सगळेच्या सगळे. तेवढ्यात वारा आला, कोडी किणकिणली आणि पारावर आबांची बोटं एकदम थांबली. तांब्याच्या त्या तीन कड्यांचा आवाज ते मान वाकडी करून ऐकत होते.

बकुळाने पान बाजूला सारून तांब्याच्या मुठीवरून बोट फिरवलं. मुठीवर ओबडधोबड, लहान मुलाच्या हातचे ठिपके होते. आणि ते सगळे जरासे उजवीकडे कलले होते.

"हे... हे तर आमच्या आबांचं आहे!"

"धोंडू नाव होतं त्याचं," परी हसली. "तुझ्याएवढाच होता. मला म्हणाला, 'नऊ कड्या बघून नवीन पोरं पळूनच जातील गं. शिकायला लहान काहीतरी नको का?' मग घरून हे घडवून आणलं आणि इथे टांगून गेला. सगळे सोन्याकडे धावतात. याला अजून कुणी हातही लावला नाही."

"मला हेच हवं," बकुळा म्हणाली. "एकदाच. आबांनी मला एकदाच माझ्या नावाने हाक मारू दे."

ती आबांच्या शेजारी पारावर बसली. सळईच्या टोकाची कडी चट्कन उतरली. जरा फिरवाफिरवी करता मुठीजवळची कडीही सुटली. राहिली फक्त मधली. पण ती काही केल्या हलेना! बकुळाने ती फिरवली, तिरकी केली, तिच्यावर फुंकर मारली, तिला "बाई बाई" केलं. तिकडे ऊन डोंगराच्या माथ्याला टेकलं. सळई जराशीच वाकवली तर? तांबं काय, मऊच असतं. तांबटाची पोर ती, तिचा अंगठा आपसूक सळईवर दाबला गेला.

"च्च्!"

आबांच्या जिभेचा आवाज होता तो. शिकाऊ पोरांनी पत्र्यावर जोर काढला की ते असंच करायचे. आबा डोंगराकडेच बघत होते, ती कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण ओठांतून जुने शब्द निघाले, "जोर नका लावू, बाई. अडलं की मागं यावं."

बकुळाने अंगठा काढला. मागे यायचं? म्हणजे एवढ्या मुश्किलीने उतरवलेली टोकाची कडी परत चढवायची? हातात आलेलं सोडायला कुणाला आवडतं? तिलाही नाही आवडलं. पण आबांचा शब्द तिने कधी मोडला नव्हता. डोळ्यांत पाणी आणून तिने टोकाची कडी परत सळईवर चढवली.

आणि काय सांगू! मधली कडी लोण्यातून निघावी तशी निघाली. मग टोकाची पुन्हा उतरवली आणि तिन्ही कड्या तिच्या मांडीवर किणकिणत पडल्या. उन्हाची शेवटची तिरीप तेव्हा पारावर होती.

आबांनी मान वळवली. बकुळाचे ओरखडलेले हात पाहिले, मग तिचा चेहरा पाहिला.

"बकू! ए बकू, हाताला काय झालं गं तुझ्या?"

बकुळाने आबांच्या धोतरात तोंड खुपसलं. आबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत आळीतल्या गोष्टी सांगत राहिले. गावात दिवे लागले, तशी त्यांची नजर पुन्हा धुकट झाली. "बाई," ते म्हणाले, "आता घरी जावं."

"संपली इच्छा?" बकुळाने हळूच विचारलं.

"आजची संपली," परी म्हणाली. "सोन्याचं कोडं एकदाच सुटतं आणि सुटलं की विरून जातं. पण शिकाऊ हातांसाठी जे घडवलेलं असतं, ते रोज नव्याने घालता येतं. चढव कड्या आणि उद्या पुन्हा सोडव, माझ्या राणी."

असं म्हणून ती वर उडाली. तिचे पंख लाल झाले, मग केशरी, मग सोनेरी. सोनचाफ्याचं सगळं झाड आतून दिवा लावल्यासारखं उजळलं. बकुळाने डोळे चोळून पाहिलं, तर फांद्यांवर फक्त फुलं होती, पण तांब्याचं कोडं तिच्या मुठीतच होतं.

तेव्हापासून रोज ऊन कललं की बकुळा तीन कड्या सोडवायची आणि दिवे लागेपर्यंत आबा तिचे असायचे. तेवढ्या वेळात ते तिला हातोडी धरायला शिकवायचे. रोज थोडंसं, आणि अडलं की मागे येऊन पुन्हा. दोन वर्षांत आळीच्या टोकाच्या घरातून परत ठाक्-ठुक् ऐकू येऊ लागलं आणि चूल रोज पेटू लागली. बकुळाचे ठिपकेही जरासे उजवीकडेच कलायचे.

पुढे बकुळा म्हातारी झाली. तिने आपल्या हातांनी तीन कड्यांचं एक नवं कोडं घडवलं आणि पहिल्यांदाच हात घालणाऱ्या कुणा पोरासाठी सोनचाफ्यावर टांगलं. आबांचं मात्र स्वतःकडेच ठेवलं. आबा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी ऊन कललं की ती पारावर जाऊन बसायची, टोकाची कडी परत चढवायची, मधली काढायची, आणि कड्या मांडीवर पडल्या की तिला स्पष्ट ऐकू यायचं, "बकू, ए बकू!"

झाली गोष्ट, उतरली कडी. पुन्हा ऐकायची असेल, तर पुन्हा चढवा.