कोऱ्या वह्या

एका गावात ओढ्याच्या दोन काठांना दोन खासगी शाळा होत्या. अलीकडची दगडी, मोठ्या लोखंडी फाटकाची. पलीकडची पत्र्याची. फी दोन्हींची सारखीच.

तरी अलीकडची मुलं दरवर्षी पलीकडे जात. पहिलीत चाळीस भरत, चौथीपर्यंत अकरा उरत. असंच चाललं तर दोन वर्षांत शाळेला कुलूप लागणार, हे अलीकडच्या शाळेचे मालक आबासाहेब यांना दिसत होतं.

त्यांनी आपल्या शिपायाला पलीकडे पाठवलं. "नीट बघून ये, त्यांच्यापाशी असं काय आहे."

शिपाई संध्याकाळी परतला. "फार काही नाही, आबासाहेब. प्रत्येक मुलाची एक वही आहे. कोणाला फळा दिसत नाही, कोणाला हातच्याची वजाबाकी जमत नाही, कोण डबा न खाता परत नेतं, सगळं बाई त्यात लिहितात. मूल वरच्या वर्गात गेलं की वहीही जाते."

"एवढंच ना? आपण त्यांच्याहून चांगल्या करू."

लाल कापडी बांधणीच्या शंभर वह्या आल्या. आबासाहेबांनी त्या स्वतः वाटल्या आणि दिवाळीच्या सुट्टीआधी परत मागवल्या. पहिल्या पानावर मुलाचं नाव, पुढे सगळं कोरं.

त्यांनी तिसरीच्या बाईंना बोलावलं. "बाई, शाई महाग झाली का?"

"शाई आहे. लिहायचं कोणासाठी, ते कळेना."

"म्हणजे?"

"एप्रिलअखेर तुम्ही आम्हा सगळ्यांना कमी करता. सुट्टीचा पगार वाचतो. जूनमध्ये बोलावणं आलं तर येतो, नाहीतर दुसरी शाळा बघतो. मला तर अजून मुलांची नावंसुद्धा चुकतात."

"पुस्तक तर तेच असतं. बाई बदलल्या म्हणून काय बिघडतं?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. फाटकाला रंग देणं चाललं होतं. "हा रंगारी मात्र तोच आहे म्हणतात."

"पंधरा वर्षं तोच. बिजागरीखाली गंज कुठे धरतो, ते त्याला सांगावं लागत नाही. नवा माणूस वरवर फासून..." आबासाहेब मध्येच थांबले.

त्या एप्रिलमध्ये कोणालाही कमी केलं नाही. सुट्टीचा पगार द्यायचा म्हणून फाटकावर बांधायची ठरलेली नवी कमान रद्द झाली.

जूनमध्ये मुलं काही वाढली नाहीत. आबासाहेब शिपायाला म्हणाले, "कमानही गेली आणि मुलंही नाहीत."

"वह्या भरू लागल्यात," शिपाई म्हणाला.

पुढच्या वर्षी एक आई दाखला मागायला आली. "पोरगं लिहिण्यात मागे पडतंय. पलीकडे घालते."

तिसरीच्या बाईंनी लाल वही उघडली. आत दुसरीच्या बाईंचं अक्षर होतं. ते वाचून त्यांनी विचारलं, "तो डावखुरा आहे. घरी उजव्या हाताने लिहायला लावता का?"

"त्याची आजी लावते. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मागच्या वर्षीच्या बाईंनी. त्या इथेच आहेत, शेजारच्या वर्गात. बोलावू का?"

आईने दाखल्याचा अर्ज घडी करून पिशवीत ठेवला. "बोलवा," ती म्हणाली आणि बाकावर टेकली.

तात्पर्य एवढंच: शेजाऱ्याच्या वहीची नक्कल एका दिवसात होते, पण ती भरणारी माणसं ज्याने टिकवली, त्याचीच शाळा टिकते.