छातीवरचा दगडी भुंगा

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की नाईल नदीकाठचे पिरॅमिडसुद्धा तेव्हा नवेकोरे दिसत.

त्या देशात पाऊस जवळजवळ पडतच नसे. वर्षातून एकदा नदीला पूर येई. लोक बांध घालून ते पाणी शेतात कोंडून ठेवत. माती पोटभर प्यायली, की बांध फोडून पाणी खालच्या शेतात सोडत. बांध कधी फोडायचा, हे गावचा पाण्याचा कारभारी ठरवत असे.

एका वर्षी पूर बेताचाच आला. कारभाऱ्याची माती भिजून चिंब झाली, तरी त्याने आपला बांध फोडला नाही. त्याच्या शेताखाली एका एकट्या म्हातारीचं शेत होतं. ते कोरडं पडलं. पेरणीचे दिवस सरत आले. आता पाणी मिळालं नाही, तर तिला पोटासाठी गाव सोडावं लागणार होतं. ती विचारायला आली, तेव्हा कारभारी म्हणाला, "आजी, माझंच अजून भागलं नाही." म्हातारी परत गेली.

आणि मग कारभाऱ्याला ताप भरला. ताप साधाच होता, पण माणूस घाबरट. आता आपण काही वाचत नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं.

मेल्यावर देवांच्या दरबारात माणसाचं काळीज तराजूत घालतात आणि दुसऱ्या पारड्यात एक पीस ठेवतात, असं ते लोक मानत. पापाने काळीज जड भरलं, की शेजारी बसलेली मगरतोंडी राक्षसीण ते गट्ट करणार! शिवाय काळीज तिथे मालकाविरुद्ध साक्षही देऊ शकतं. म्हणून मेलेल्याच्या छातीवर ते एक दगडी भुंगा ठेवत. त्यावर कोरलेलं असे, 'काळजा, माझ्याविरुद्ध बोलू नकोस.' हा भुंगा म्हणजे शेणाचे गोळे लोटणारा बरं का. हसू नका! सूर्यालाही आकाशात असाच भुंगा लोटत नेतो, अशी त्यांची समजूत होती.

कारभाऱ्याने कारागिराकडून अंगठ्याएवढा भुंगा मागवला आणि जिवंतपणीच छातीवर ठेवून पाहिला. काळीज धडधडतच राहिलं. मग त्याने मुठीएवढा मागवला. तरी तेच. शेवटी कारागीर कलिंगडाएवढा दगड घेऊन आला. धंदा झकास चालला होता, त्याची काहीच तक्रार नव्हती.

कारभाऱ्याची बायको म्हणाली, "अहो, मेल्यावरचं राहू द्या. हा धोंडा छातीवर घेतलात, तर आजच श्वास अडकेल."

"तू गप्प बस. आणि कारागिरा, तू चांगलं खोल कोर."

"कोरतो की मालक," कारागीर छिन्नी काढत म्हणाला. "पण नुसतं 'बोलू नकोस' म्हणून तुमचं काळीज ऐकत नाही. दगडावर जागा भरपूर आहे. कशाबद्दल बोलू नको, तेच स्पष्ट लिहू या. सांगा, काय लिहू?"

कारभाऱ्याने दगडावरून हात फिरवला. बायको त्याच्याकडे बघत होती. शेवटी तो पुटपुटला, "लिही... म्हातारीचं पाणी मी अडवलंय, ते बोलू नकोस."

बाहेर तुडुंब शेतात बेडूक ओरडत होते.

"अहो," बायको हळूच म्हणाली, "पण ते पाणी अजून तिथंच आहे की."

इतकं सोपं होतं ते! कारभारी उठला. कुदळ घेतली, बायकोच्या खांद्यावर हात टाकला आणि तापल्या अंगाने लटपटत बांधावर गेला. दोघांनी मिळून बांध फोडला.

खाली म्हातारी गाढवावर बोचकं बांधत होती. पाणी खळाळत तिच्या पावलांशी आलं. तिने खाली पाहिलं, मग वर पाहिलं. तिने बोचकं सोडलं आणि त्यातून जवाचं बियाणं बाहेर काढलं.

"उशीर केलास रे बाबा!" ती ओरडली. "पण आलं एकदाचं! आता वर उभा काय राहिलास? ये खाली, चर मोकळा कर!"

कारभारी चिखलात उतरला आणि हातांनी चर उपसू लागला. त्याला रडू येत होतं आणि त्याच वेळी फार हायसं वाटत होतं. त्या दिवशी त्याला गाढ झोप लागली.

ताप उतरला. म्हातारीचं शेत पिकलं. तो भला मोठा दगड कारभाऱ्याने तिलाच देऊन टाकला. उंदीर शिरू नयेत म्हणून ती तो जवाच्या रांजणाच्या झाकणावर ठेवी.

पुढे कारभारी चांगला म्हातारा होऊन वारला. मुलांनी विचारलं, "आई, बाबांच्या छातीवर केवढा भुंगा ठेवायचा?"

आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "एकही नको. ह्यांच्या काळजाला खुशाल बोलू दे."

तात्पर्य: मनाचं तोंड दाबत बसण्यापेक्षा हातून झालेली चूक निस्तरावी, म्हणजे मन काय बोलेल याची भीती उरत नाही.