शास्त्रीबुवांच्या अर्जाची सुईण

राजा भद्रसेनाने नीळकंठशास्त्र्यांचा अर्ज पुन्हा फेटाळला, आणि वर पेचही टाकला.

"गावच्या विहिरी उन्हाळ्यात खाऱ्या का होतात, हे शोधायला तुम्हाला खजिन्यातून पैसा हवा. मग त्या शोधातून काय निघणार, ते उद्या दरबारात सांगा. सांगता आलं, तर उत्तर तुमच्याजवळ आहेच, पैसा कशाला? सांगता आलं नाही, तर पैसा कशाच्या भरवशावर देऊ? पेच सुटला नाही, तर तुमच्या पाठशाळेत आम्ही हत्ती बांधू."

शास्त्रीबुवा घरी येऊन डोकं धरून बसले. पाठशाळा जाणार याचं दुःख होतंच. पण इतका विद्वत्तापूर्ण अर्ज राजाला पटू नये, हे त्यांना जास्त लागलं होतं.

समोरच्या घरातली म्हाळसाबाई सुईण विचारपूस करायला आली. "वाचा बघू, काय लिवलंय ते."

बुवांनी खडा आवाज लावला. शास्त्राच्या शिरस्त्याप्रमाणे त्यांनी आधी विरोधकाची बाजू मांडली होती. नदी जवळ असताना विहिरींची चिंता कशाला, खारं पाणी पचनाला बरं, पाण्याची चव ही तर देवाची इच्छा! बाजू इतकी बिनतोड होती, की म्हाळसाबाईच मान डोलवू लागली.

"आन् हे खोडलंय कुठं?"

"उत्तरार्धात."

"महाराज तिथवर पोचले असतील?"

बुवा उत्तरार्धापर्यंतची पानं मोजू लागले.

"बुवा, बाळंतिणींच्या पोटात ते पाणी ठरत न्हाई. अंगावरचं दूध आटतं, लेकरं भुकेनं रडतात. हे अर्जात कुठं हाय?"

"ते शास्त्रात बसत नाही," बुवा म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"तेवढंच लिवा. बाकीचं फाडा. पेचाचं मी बघते."

दुसऱ्या दिवशी राजाने बुवांचा अर्ज प्रथमच शेवटपर्यंत वाचला. "काम चांगलं आहे. पण आमच्या पेचाचं काय?"

राणीची सुईण म्हणून म्हाळसाबाईला दरबारात मज्जाव नव्हता. ती पुढे झाली. "महाराज, राणीसाहेबांना सातवा लागलाय. सोन्याचा पाळणा घडतोय म्हणे. त्यात मुलगा निजणार का मुलगी?"

"ते आज कसं सांगता येईल?"

"मग सोनं कशाच्या भरवशावर घातलंत?"

दरबारी एकमेकांकडे बघू लागले. राजा चिडला. "कोणीही येवो, आमचंच लेकरू ते. पाळणा लागणारच!"

"आन् आज सांगता आलं असतं, तर पाळणा नको होता?"

"तरीही लागलाच असता!" राजा बोलून गेला आणि एकदम थबकला.

"म्हंजे सांगता आलं तरी खर्च, न आलं तरी खर्च. पेच तर तुम्हीच सोडवलात, महाराज. शास्त्रीबुवांनाबी सातवा लागलाय असं समजा."

बुवा कानापर्यंत लाल झाले. राजा मात्र सिंहासनावर मागे रेलून पोट धरधरून हसला. खजिनदाराला त्याने पैसा द्यायला सांगितलं, आणि हत्तींसाठी दुसरी जागा बघायलाही.

"म्हाळसाबाई, तुझं बक्षीस बारशाच्या दिवशी देऊ," तो डोळे पुसत म्हणाला.

"काय निघतंय ते बघून व्हय, महाराज?"

राजाला पुन्हा हसू फुटलं. हसत हसतच त्याने गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि तिथल्या तिथे तिच्या ओंजळीत टाकला.