चपटीच्या पोटातलं दुखणं

"मी पडले नाही, पडले नाही म्हणून घसा फोडला, पण एकानं विश्वास ठेवला नाही!" अवजारं बोलायची त्या काळी दुरुस्तीच्या दुकानात चपटी नावाची टॅब्लेट रडत होती. तिच्या पडद्यावर एका कोपऱ्यात अक्षरं वाकडी दिसायची, म्हणून आज तिला भंगारात घालणार होते.

"पडलीसच तू," चिमटा म्हणाला. "एवढं बारीक व्हायचं कशाला?"

पेचकसमावशी मात्र खरी शहाणी. "गप रे मेल्या! आधी उघडून बघते." तिनं पाठ उघडली. आतला एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा लांब होता आणि पडद्याला मागून टोचत होता. मावशीनं तो काढून त्याच्या जागी आखूड स्क्रू बसवला. अक्षरं सरळ झाली!

चिमट्यानं लांब स्क्रूची मान धरली.

"मला का धरता? कारखान्यातल्या यंत्रानं न बघता मला इथं पिळलं."

"नाव सांग त्याचं," मावशी गरजली.

"चटपटराव."