झुडपात लपवलेलं होडकं

नदीवर पूल बांधायचं अजून कुणाच्या मनातही आलं नव्हतं, त्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी ऐकली तरी त्यांचं काही बिघडणार नाही.

दोन डोंगरांच्या मधून एक नदी वाहत होती. काठाकाठाने गावं होती, पण एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी वाट नुसती दगडगोट्यांची. बैलगाडी त्या वाटेला लागली की आतल्या माणसाची हाडं खिळखिळी व्हायची, मग काचेच्या बांगड्यांचं काय होत असेल ते तुम्हीच बघा. म्हणून त्या मुलखातला कासार बांगड्या विकायला नदीनेच जायचा.

त्याचं होडकं सावरीच्या लाकडाचं होतं. अरुंद, लांबट, एक माणूस आणि एक पेटारा मावेल एवढंच. वजनाला इतकं हलकं, की वाटेत खडक लागले तर कासार ते खांद्यावर घेऊन पलीकडे जायचा. घरात चूल पेटायची ती त्या होडक्याच्या जिवावर.

संध्याकाळ झाली की जिथे असेल तिथे तो काठाला लागायचा. जवळच्या घरातून विस्तव मागून आणायचा, तीन दगड मांडून भात शिजवायचा आणि वाळूवर पथारी टाकायचा. विस्तव मागायला गेलं की कुणीतरी विचारायचंच, कुठले तुम्ही, पुढे कुणाकडे निघालात, यंदा बांगड्या महाग का झाल्या. बोलता बोलता वाटीभर कालवणही मिळून जायचं.

एके दिवशी बाजारात त्याच्या कानावर आलं, की नदीच्या वरच्या अंगाला एका मासेमाराचं होडकं चोरीला गेलं.

झालं. कासाराच्या डोक्यात भुंगा शिरला. आपलं होडकं हलकं. ते आपल्याला उचलता येतं, तर चोराला का नाही उचलता येणार?

आधी त्याने दोर दुहेरी केला. मग वाटलं, दोर काय, कुणीही कापेल. लोहाराकडून साखळी आणि कुलूप करून आणलं. मग वाटलं, साखळी लांबून चमकते, म्हणजे इथे काहीतरी मोलाचं आहे हे आपणच ओरडून सांगतोय. तेव्हा तो होडकं ओढत झुडपात न्यायला लागला, वर फांद्या टाकून झाकायला लागला. धुरावरून कुणाला पत्ता लागू नये म्हणून चूल पेटवणं सोडलं आणि कोरडे पोहे खाऊन राहायला लागला. चूल नाही म्हणून विस्तव नको, आणि विस्तव नको म्हणून कुणाच्या दारात जाणं नको. शेवटी तर त्याने गावाजवळ मुक्काम करणंच टाकलं. जिथे माणूस नाही तिथे चोर नाही, असा त्याचा हिशेब.

हिशेब वरवर बरोबरच वाटतो, नाही का?

पण झोप पार उडाली. पान पडलं तरी तो उठून बसायचा. सकाळी डोळे लाल. बांगडी चढवताना मनगटावर ओरखडा उठायला लागला. बायका एकमेकींना म्हणायच्या, कासारदादाचा हात असा नव्हता बाई. तो मात्र मान वर करून बघायचाही नाही. बांगड्या भरल्या की निघाला.

अशात खालच्या अंगाच्या एका गावाहून निरोप आला. तिथे एका मुलीचं लग्न होतं आणि हिरवा चुडा याच कासाराने आणायचा होता. दुसरा कासार त्या बाजूला नव्हताच. कासाराने हिरव्यागार बांगड्यांनी पेटारा भरला आणि तो निघाला. चुडा भरायचा त्याच्या आदल्या संध्याकाळी तो कलिंगडाच्या वाड्यांपाशी पोचला.

उन्हाळ्यात नदीचं पाणी ओसरलं की काही माणसं पात्रातल्या वाळूतच कलिंगडाचे वेल लावायची आणि वेलांशेजारी झोपड्या घालून राहायची. पहिल्याच झोपडीशी एक बाई वेलांना पाणी घालत होती. तिला सगळे मावशी म्हणायचे. कासार पाणी प्यायला थांबला.

मावशीला चौकशीची भारी हौस. नाव काय, गाव कोणतं, मुलंबाळं किती, पेटाऱ्यात काय आहे, आणि डोळ्यांखाली एवढं काळं का आलंय, सगळं तिने एका दमात विचारलं. कासाराने "हं" केलं, "हो" केलं आणि तांब्या परत दिला.

"राहा की आज इथेच," मावशी म्हणाली. "चूल पेटलेलीच आहे. होडकं माझ्या दाराशी बांधा. मला मेलीला झोप कुठे असते, चारदा तर उठते मी."

कासाराच्या मनात आलं, हिला एवढ्या चौकशा कशाला? हिचाच डोळा दिसतोय होडक्यावर. घाई आहे असं सांगून तो पुढे गेला, आणि नदी जिथे वळते तिथल्या निर्मनुष्य झाडीत शिरला. होडक्याला आणि करंजाच्या फांदीला मिळून साखळीचा वेढा घातला, कुलूप लावलं, वर पाला टाकला, पेटारा उशाशी घेतला. रात्रभर जागून पहाटे त्याचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. साखळी होती, कुलूप होतं, फांदी मात्र कापलेली होती आणि सैल पडलेल्या वेढ्यातून होडकं काढून नेलेलं होतं. चोराने कसलीही घाई केलेली नव्हती. शेजारी कांद्याची सालं पडली होती. म्हणजे गडी फांदी कापायच्या आधी बसून जेवलासुद्धा. त्याला हटकणारं तिथे होतं कोण?

कासाराने पेटारा डोक्यावर घेतला आणि तो खालच्या बाजूला निघाला. पाऊल जरा चुकलं की पेटाऱ्यात खळ्ळ करून वाजायचं. या वाटेने लग्नघरापर्यंत जायचं म्हणजे मुलीच्या हातात चुड्याऐवजी काचाच पडायच्या. पुढच्या घाटावर बायका धुणं धूत होत्या. इकडून काही होडकं गेलं नाही, त्या म्हणाल्या, आणि हा अनोळखी माणूस कोण म्हणून एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा कुठे कासाराला कळलं. मालक खालीच शोधत जाणार हे ओळखून चोर वर गेला होता. तो तसाच मागे फिरला.

घामाघूम होऊन तो वाड्यांपाशी पोचला, तर त्याचं होडकं मावशीच्या दाराशी बांधलेलं, आणि भोवती सगळ्या वाड्यांमधली माणसं जमलेली.

झालं होतं असं. सकाळी एक माणूस वल्हं मारत वर चालला होता. मावशीने आपल्या सवयीने त्याला हाक मारली. कोण तुम्ही, काल यातून दुसराच माणूस गेला तो कुठे आहे, त्याचे तुम्ही कोण लागता? पहिल्या प्रश्नाला तो हसला. दुसऱ्याला होडकं माझंच म्हणाला. तिसऱ्याला त त प प करायला लागला. एवढं काय चाललंय ते बघायला शेजारच्या झोपड्यांमधली माणसं आली, तशी त्याने पाण्यात उडी टाकली आणि पलीकडच्या बाभळींमध्ये पसार झाला.

कासाराने हात जोडले आणि तो होडक्याकडे गेला. तेवढ्यात वाडीवरच्या एका म्हाताऱ्याने काठी आडवी धरली.

"थांबा. सकाळचाही माझंच म्हणत होता."

"मी काल इथूनच गेलो. या मावशींनी मला पाहिलंय," कासार म्हणाला.

"पाहिलं की," मावशी म्हणाली. "तोंड पाहिलं. त्यापुढे तुम्ही काही सांगितलंत का मला?"

म्हातारा म्हणाला, "नदीवर एक माणूस फिरतोय असं आम्ही ऐकत होतो. चूल पेटवत नाही, गावात येत नाही, नाव सांगत नाही, होडकं झुडपात दडवतो. आम्ही तर त्यालाच चोर समजत होतो. सकाळचा तो निदान उजेडात, सगळ्यांदेखत चालला होता."

कासाराने पेटारा दाखवला, तर म्हातारा म्हणाला, पेटारासुद्धा चोरता येतो. ऊन चढत चाललं. तिकडे लग्नघरी मुलगी हात धुऊन बसली असेल.

मग कासार पेटारा खाली ठेवून वाळूतच बसला आणि बोलायला लागला. आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं. बायको कुठली, मुली किती, कोणत्या गावात कधी जातो, सगळं सांगितलं. चोरीची बातमी कशी कानावर आली आणि तेव्हापासून डोळ्याला डोळा कसा लागला नाही, तेही सांगितलं. मावशी विचारत होती आणि तो उत्तरं देत होता. या बोलण्यात वरच्या अंगाच्या एका गावाचं नाव आलं, तशी नुकतीच घागर भरून येऊन मागे उभी राहिलेली एक सून पुढे आली.

"माझं माहेर ते," ती म्हणाली. "माझ्या लग्नाचा चुडा यांनीच भरला. मी रडत होते, तर हे गमतीजमती सांगत राहिले. बांगडी कधी चढली ते कळलंसुद्धा नाही." मग ती कासाराकडे वळली. "यंदा तुम्ही इथून गेलात तेव्हा मी काठावरून हाक मारली होती, दादा. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाही."

म्हाताऱ्याने काठी बाजूला घेतली. "आता हे आधी सांगायला काय झालं होतं?" एवढंच तो म्हणाला.

मावशीने कलिंगड कापलं, ते खाल्ल्याशिवाय कासाराला सोडलं नाही. तो दिवेलागणीला लग्नघरी पोचला. उशीर केला म्हणून मुलीच्या आत्याने चार शब्द सुनावले, पण चुडा त्याच दिवशी भरला गेला.

तेव्हापासून कासार होडकं दोराने बांधायचा. दोर बांधायचाच बरं का, नाहीतर गोष्टीतून भलतंच काहीतरी घ्याल. पण बांधायचा तो वस्तीच्या तोंडाशी, उघड्यावर. मग विस्तव मागायला जायचा आणि विचारायच्या आधीच आपण कोण ते सांगायचा. जेवायचा आणि घोरत पडायचा. पुढे एका गावी भल्या सकाळी कुणीतरी त्याचा दोर सोडून होडक्यात पाय टाकला. दुसरा पाय उचलायच्या आत या काठावरून एकाने आणि पलीकडच्या काठावरून दोघांनी विचारलं, "अहो, ते कासारदादाचं आहे. तुम्ही कोण?" त्या माणसाने पाय काढून घेतला आणि तो चालता झाला. कासार तेव्हा झोपेतच होता.

तात्पर्य: आपली वस्तू आपली आहे हे जितक्या लोकांना ठाऊक, तितके तिचे राखणदार.