हातातला सोनचाफा

"पण मास्तर, चुकीचा कॉर्ड वाजवण्यापेक्षा क्षणभर थांबलेलं काय वाईट?"

जेसिंताने हे तिसऱ्यांदा विचारलं. इनास मास्तर तिच्या गिटारची खुंटी पिळत होते.

उद्या तिच्या धाकट्या बहिणीची हळद. चार वर्षं परदेशात पुलांची गणितं शिकून वसईला परतलेल्या या मुलीने आल्या आल्या साऱ्या गोतावळ्याला सांगून टाकलं होतं, की हळदीच्या गाण्याला गिटार मी वाजवणार. महिनाभर तिने बोटं घासली. तर्जनीपासून करंगळीपर्यंत, एक-दोन-तीन-चार, सहाही तारांवर. बोटांची टोकं सोलून निघाली, पण एक दिवस चुकवला नाही. जी, सी आणि डी, गाण्याला लागणारे तिन्ही सूरमेळ म्हणजे कॉर्ड, आता लख्ख वाजत. फक्त एकातून दुसऱ्यात जाताना ती थांबे, मान वाकवून प्रत्येक बोट जागेवर आहे ना ते बघे, आणि मगच उजवा हात हलवी.

"चुकणारच असेल, तर उद्या मी वाजवतच नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी गिटार तिच्या हातात दिली.

ओट्यावर त्यांची बायको नातालीन आणि तिची जाऊ बाजारासाठी सोनचाफा पिशव्यांत भरत बसल्या होत्या. मास्तरांनी दोघींना हळदीचं गाणं म्हणायला सांगितलं, आणि काही झालं तरी थांबायचं नाही असं बजावलं. नातालीन म्हणाली, तुम्ही सांगून तरी आम्ही कधी थांबलोय?

गाणं सुरू झालं. दुसऱ्या ओळीला सी होता. जेसिंता थांबली. बोटं नीट बसेपर्यंत कडवं संपलं. पुन्हा पहिल्यापासून घ्या म्हणून ती विनवू लागली, तर जाऊबाई हसत हसत पुढच्या कडव्यात शिरल्या.

मास्तर उठले. त्यांनी आपला रुमाल तारांखाली कोंबला. सूर मुके झाले. मग टोपलीतली पाच-सहा फुलं उचलून तिच्या डाव्या हातात ठेवली.

"जपून. चुरगळलं तर बाजारात कोणी घेत नाही."

"मग वाजवू कशी?"

"उजवा हात मोकळा आहे ना…"

छक, छक, छक-छक. मुक्या तारांवर नुसताच ठेका. आधी तिला लाज वाटली. मग हसू आलं. मग केव्हातरी पाय आपोआप ठेका धरू लागला, आणि बायकांनीही आवाज चढवला.

दोन कडव्यांनंतर मास्तरांनी फुलं काढून घेतली, रुमालही ओढला. गाणं चालूच होतं.

सी आला. बोटं अजून वाटेतच होती. तार खरखरली, पण उजवा हात चालत राहिला. पुढच्या ओळीला जी बरोबर बसला. डीला पुन्हा घोटाळा… आणि शेवटच्या ओळीवर तिघी एकदमच पोचल्या.

उद्या मांडवात माझ्याच शेजारी बस, असं नातालीनने फर्मावलं. जेसिंता मात्र अजून मनात मोजत होती.

"मास्तर, पाच वेळा चुकलं…"

मास्तरांनी रुमाल झटकला, घडी घातली, खिशात ठेवला.

"हो. पण आता चुकायला तरी वेळेवर येतेस."